शस्त्र कोणीं टाकलें आणि कां?

राज्यकारभारांत जे कठिण प्रश्न वारंवार उत्पन्न होतात, त्यांपैकीं एक असा कीं, ज्या मनुष्यानें हातीं शस्त्र घेऊन कायदा धाब्यावर बसविला, तोच पुढें मतें मागावयास लोकांसमोर उभा राहिला, तर त्याच्याशीं कोणत्या नात्यानें वागावें? कांहीं लोक म्हणतात, रक्तानें माखलेल्या हातांत प्रधानकीची लेखणी देणें हा मेलेल्यांचा अपमान आहे. दुसरे म्हणतात, तह हा नेहमीं भांडणाऱ्याशींच करावा लागतो. जो भांडतच नाहीं त्याच्याशीं तह करून काय मिळणार? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि दोन्ही बोलणीं अपुरीं आहेत. नुसत्या तत्त्वाच्या तराजूंत हा प्रश्न घातला तर पारडें कधींच स्थिर व्हावयाचें नाहीं. म्हणून एक प्रत्यक्ष घडलेलें उदाहरण घेऊन त्याचा जमाखर्च मांडणें बरें, असें आम्हांस वाटतें. तें उदाहरण म्हणजे उत्तर आयर्लंडांतील सिन फेन पक्षाचे पुढारी मि. मार्टिन मॅकगिनेस ह्यांचें. हे गृहस्थ १९५० सालीं जन्मले आणि २०१७ सालीं वारले. मध्यंतरींच्या सदुसष्ट वर्षांत त्यांनीं जो प्रवास केला, त्याचा विचार आपणांसही उपयोगीं पडण्यासारखा आहे.

आयर्लंडाकडे पाहण्याची महाराष्ट्राची संवय जुनी आहे. १९१६ च्या एप्रिलांत डब्लिन शहरांत आयरिश बंडवाल्यांनीं प्रजासत्ताक पुकारलें, आणि त्याच महिन्यांत बेळगांवीं लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. ‘होमरूल’ हा शब्दच आपण आयर्लंडाकडून उसना घेतला होता. पुढें १९२३ च्या सुमारास कौन्सिलांत शिरावें कीं बाहेर राहावें, ह्यावरून आपल्याकडे फेरवादी व नाफेरवादी असे तट पडले. तसाच वाद आयर्लंडांत कित्येक दशकें चालला. फरक एवढाच कीं, तेथें त्या वादाच्या पाठीशीं बंदूक उभी होती. सिन फेन ह्या शब्दांचा अर्थ ‘आम्ही स्वतः’. १९०५ सालीं निघालेल्या ह्या पक्षानें १९१८ च्या निवडणुकींत आयर्लंडच्या १०५ जागांपैकीं ७३ जागा जिंकल्या. परंतु लंडनच्या पार्लमेंटांत पाऊल न ठेवतां १९१९ सालीं डब्लिनांत स्वतःची सभा भरविली. निवडून यावें पण बसूं नये, हें व्रत तेव्हांपासूनचें.

१९२१ सालीं आयर्लंडची फाळणी झाली. फाळणी म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. दक्षिणेचा मोठा भाग स्वराज्य पावला. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले, आणि तेथें प्रॉटेस्टंट युनियनिस्टांचें बहुमत कायम राहील अशी सीमा आंखली गेली. मि. मॅकगिनेस ह्यांच्या जन्मगांवाचें नांवच वादाचें आहे. कॅथॉलिक त्याला डेरी म्हणतात, प्रॉटेस्टंट लंडनडेरी म्हणतात. ह्या शहरांत कॅथॉलिकांची वस्ती अधिक; तरी वॉर्डांच्या हद्दी अशा कौशल्यानें पाडल्या होत्या कीं, नगरपालिका सदैव दुसऱ्या पक्षाच्याच हातीं राहावी. नगरपालिकेचें मत घरपट्टीशीं जोडलेलें होतें. बापाच्या घरीं राहणाऱ्या वयांत आलेल्या मुलास मत नाहीं, पोटभाडेकऱ्यास मत नाहीं. कंपन्यांस मात्र जादा मतें. नवीं घरें वाटण्याचा अधिकारही त्याच नगरपालिकेकडे होता, तेव्हां कॅथॉलिकास घर देणें म्हणजे त्यास मत देणें होय, हा हिशेब कारभाऱ्यांनीं कधीं नजरेआड केला नाहीं. अन्यायाची ही पद्धत कागदोपत्रीं अगदीं कायदेशीर होती, हें वाचकांनीं विशेष ध्यानांत धरावें.

अशा शहराच्या बॉगसाइड नांवाच्या गरीब वस्तींत मि. मॅकगिनेस वाढले. अकराव्या वर्षीं घेतल्या जाणाऱ्या परीक्षेंत ते नापास झाले, पंधराव्या वर्षीं शाळा सुटली, आणि पुढें एका खाटकाच्या दुकानांत ते मदतनीस म्हणून कामास राहिले. १९६८ च्या आक्टोबरांत नागरिक हक्कांसाठीं निघालेल्या मिरवणुकीवर डेरींत पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. १९६९ च्या आगस्टांत दंगल माजली आणि ब्रिटिश लष्कर रस्त्यावर आलें. कॅथॉलिकांनीं आरंभीं त्या शिपायांचें स्वागतच केलें होतें. परंतु १९७१ सालीं चौकशीवांचून लोकांस तुरुंगांत डांबण्यास सुरुवात झाली, आणि १९७२ च्या जानेवारीच्या ३० तारखेस लष्करानें डेरींत निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडून तेरा माणसें ठार केलीं. जखमी झालेला आणखी एक इसम पुढें वारला. पहिल्या सरकारी चौकशीनें शिपायांचा बहुतांशीं बचाव केला. सरकारची अब्रू गेली ती गोळीबारानें जितकी, तितकीच ह्या चौकशीनें गेली.

ह्या वेळीं मि. मॅकगिनेस आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या डेरींतील तुकडीचे दुय्यम अधिकारी होते. ही गोष्ट त्यांनीं स्वतः पुढें चौकशी आयोगापुढें कबूल केली. अन्यायानें त्यांना त्या वाटेवर ढकललें, हें खरें. परंतु त्याच शहरांत, त्याच अन्यायाखालीं वाढलेले मि. जॉन ह्यूम ह्यांनीं हातीं शस्त्र धरलें नाहीं, हेंही तितकेंच खरें. अन्याय हें कारण होऊं शकतें. तो मनुष्याच्या निवडीचा भार उचलीत नाहीं. बॉम्बस्फोटांनीं डेरीचा व्यापारी भाग उद्ध्वस्त झाला. ज्यांच्या नांवानें लढा चालला होता त्याच लोकांच्या गांवांतलीं दुकानें जळालीं आणि पोटापाण्याचे धंदे बसले. १९७२ च्या जुलईंत ब्रिटिश मंत्री मि. व्हाइटलॉ ह्यांच्याशीं लंडनांत गुप्त बोलणें झालें, तेव्हां बावीस वर्षांचे मॅकगिनेस शिष्टमंडळांत होते. बोलणें फिसकटलें, आणि दोनच आठवड्यांनीं बेलफास्टांत एका दुपारीं सुमारें वीस बॉम्ब फुटून नऊ माणसें मेलीं. १९७३ सालीं दक्षिण आयर्लंडांतील न्यायालयानें स्फोटक द्रव्याच्या प्रकरणांत मॅकगिनेस ह्यांस सहा महिन्यांची शिक्षा दिली. १९७४ सालीं आपण सेना सोडली, असें ते पुढें सांगत. हें सांगणें फार थोड्यांस खरें वाटलें. त्या काळाचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांचें मत असें कीं, पुढेंही पुष्कळ वर्षें ते त्या सेनेच्या अगदीं वरच्या वर्तुळांत होते.

मतपेटीचें महत्त्व ह्या लोकांस कळलें तें मोठ्या विलक्षण रीतीनें. १९८१ सालीं तुरुंगांतील रिपब्लिकन कैद्यांनीं प्राणांतिक उपोषण आरंभिलें. त्यांतील बॉबी सँड्स हा उपोषण चालू असतांच एप्रिलांत पार्लमेंटचा सभासद निवडून आला आणि मे महिन्यांत वारला. एकंदर दहा कैदी मेले. बंदुकीनें जें जगाला ऐकूं गेलें नव्हतें तें मतांनीं ऐकूं गेलें. त्याच वर्षीं सिन फेनच्या वार्षिक सभेंत एका हातीं मतपत्रिका व दुसऱ्या हातीं बंदूक हें धोरण पुढें मांडलें गेलें. १९८२ च्या आक्टोबरांत मि. मॅकगिनेस उत्तर आयर्लंडच्या सभेवर निवडून आले, परंतु व्रताप्रमाणें आंत बसले नाहींत. १९८६ सालीं मात्र पक्षानें डब्लिनच्या पार्लमेंटावरचा बहिष्कार उठविला. जुने निष्ठावंत चिडून सभा सोडून गेले. त्या सभेंत जागा घेण्याच्या बाजूनें बोलतांना, लढा सुटणार नाहीं असें आश्वासन मॅकगिनेस ह्यांनीं मोठ्या आवेशानें दिलें. पुढील इतिहास पाहतां दिसतें तें असें कीं, ज्या दारांतून पक्ष आंत गेला त्याच दारांतून लढा बाहेर पडला.

हें कसें झालें, ह्याचें उत्तर आमच्या मतें मतपेटीच्या स्वभावांत आहे. गुप्त सेनेला कोणापुढें हिशेब द्यावा लागत नाहीं. पक्षाला दर निवडणुकीस द्यावा लागतो. १९८७ च्या नोव्हेंबरांत एनिस्किलन गांवीं युद्धांत पडलेल्या शिपायांचें स्मरण करावयास जमलेल्या लोकांत बॉम्ब फुटून अकरा माणसें मेलीं, आणि आयर्लंडभर संतापाची लाट उठली. १९९० सालीं डेरीजवळ लष्करी ठाण्यांत स्वयंपाकाचें काम करणाऱ्या एका साध्या गृहस्थास, त्याच्या कुटुंबीयांस ओलीस धरून, स्फोटकांनीं भरलेली गाडी ठाण्यापर्यंत हांकावयास लाविलें. तो आणि पांच शिपाई ठार झाले. असलीं कृत्यें करून दुसऱ्या दिवशीं मतें मागणें कठिण होतें. १९९२ सालीं पक्षाचे अध्यक्ष मि. जेरी ॲडम्स ह्यांची पार्लमेंटची जागा गेली, ती ह्यूम ह्यांच्या अहिंसावादी पक्षाकडे. इकडे ब्रिटिश सेनापतींसही कळून चुकलें होतें कीं, लष्करी बळानें हें प्रकरण संपणारें नाहीं. दोन्ही बाजूंस जय दिसेनासा झाला तेव्हां गुप्त मध्यस्थांमार्फत बोलणीं सुरू झालीं, आणि त्या बोलण्यांत मॅकगिनेस ह्यांचा हात मोठा होता. १९९४ च्या आगस्टांत युद्धबंदी झाली. १९९६ च्या फेब्रुवारींत लंडनच्या गोदी भागांत बॉम्ब फोडून ती मोडली गेली, जूनमध्यें मँचेस्टरची व्यापारी पेठ उडाली. आणि १९९७ च्या जुलईंत युद्धबंदी पुन्हा लागू झाली. त्याच वर्षीं मॅकगिनेस मिड अल्स्टरमधून पार्लमेंटवर निवडून आले, आणि राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागते म्हणून सभागृहांत कधींच बसले नाहींत.

१९९८ च्या एप्रिलच्या १० तारखेस बेलफास्टांत करार झाला. मॅकगिनेस हे त्या वाटाघाटींत सिन फेनचे मुख्य बोलणारे होते. मे महिन्यांत लोकमत घेतलें, तेव्हां उत्तरेंत शेंकडा ७१ व दक्षिणेंत शेंकडा ९४ मतदारांनीं अनुकूल मत दिलें. कराराचें मर्म दोन गोष्टींत आहे. उत्तरेंतील बहुमताच्या संमतीवांचून आयर्लंडचें एकीकरण होणार नाहीं, ही गोष्ट रिपब्लिकनांनीं मान्य केली. आणि कोणताही एक समाज दुसऱ्यास वगळून राज्य करणार नाहीं, ही गोष्ट युनियनिस्टांनीं मान्य केली. मुख्य मंत्री व उपमुख्य मंत्री ह्यांचे अधिकार सारखे, आणि एकानें राजीनामा दिला कीं दुसऱ्याचें पद आपोआप जावें, अशी बैलगाडीच्या जूंवासारखी घटना बांधली गेली.

१९९९ च्या डिसेंबरांत मि. मॅकगिनेस शिक्षणमंत्री झाले. ज्या परीक्षेनें अकराव्या वर्षीं त्यांना नालायक ठरविलें होतें, ती परीक्षा बंद करण्याचा निर्णय त्यांनीं २००२ सालीं जाहीर केला. लहान मुलांची एका दिवसांत प्रतवारी लावून त्यांचें भवितव्य ठरविणाऱ्या पद्धतीविरुद्ध आमचेंही मत आहे, म्हणून ह्या सुधारणेचें आम्हांस अगत्य वाटतें. सरकारी परीक्षा २००८ नंतर बंद झाली खरी. परंतु नांवाजलेल्या शाळांनीं लागलीच आपापल्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा सुरू केल्या. हुकूम काढल्यानें चाल बदलते असें नाहीं, लोकांचीं मनें वळवावीं लागतात, हा अनुभव बंदूक सोडून आलेल्या मंत्र्यासही चुकला नाहीं.

शस्त्रांचा प्रश्न मात्र लोंबत राहिला. करार १९९८ चा. पण सेनेनें सशस्त्र मोहीम संपविल्याचें जाहीर केलें तें २००५ च्या जुलईंत, आणि शस्त्रें निकामी केल्याची ग्वाही जनरल डी शास्तलें ह्यांनीं दिली ती सप्टेंबरांत. मध्यंतरींच्या सात वर्षांचा खर्च कोणाच्या खातीं पडला? मि. ह्यूम व युनियनिस्ट पुढारी मि. डेव्हिड ट्रिंबल ह्यांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु २००३ च्या निवडणुकींत दोघांचेही पक्ष मागें पडले, आणि सिन फेन व रेव्हरंड इयन पेस्ली ह्यांचा कडवा पक्ष पुढें आले. ज्यानें कधीं शस्त्र उचललें नाहीं त्याच्या पदरीं मान पडला, आणि ज्यानें तें उशिरानें ठेवलें त्याच्या पदरीं सत्ता पडली. ह्या उदाहरणांतील ही सर्वांत कडू गोष्ट आहे, आणि शांततेचें गुणगान करितांना ती लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

तरीही जमेची बाजू मोठी आहे. २००७ च्या जानेवारींत सिन फेननें नव्या पोलीसदलास मान्यता दिली, आणि मेच्या ८ तारखेस रेव्हरंड पेस्ली मुख्य मंत्री व मॅकगिनेस उपमुख्य मंत्री झाले. ज्यांनीं जन्मभर ‘नाहीं’ म्हणण्यांत हयात घालविली आणि मॅकगिनेस ह्यांच्याशीं बोलावयासही जे पूर्वीं तयार नव्हते, त्याच पेस्लींशीं त्यांचें इतकें जमलें कीं, वर्तमानपत्रांनीं ह्या जोडीला हंसऱ्या भावांचें नांव दिलें. २००९ च्या मार्चांत फुटीर टोळ्यांनीं दोन शिपाई व एक पोलीस ठार केले, तेव्हां मुख्य मंत्री मि. रॉबिन्सन व पोलीसप्रमुख ह्यांच्या शेजारीं उभे राहून मॅकगिनेस ह्यांनीं मारेकऱ्यांस आयर्लंडचे द्रोही म्हटलें. कोणे एके काळीं तेच काम करणाऱ्या मनुष्याच्या तोंडीं हा शब्द येणें सोपें नव्हतें. २०१२ च्या जूनमध्यें बेलफास्टांत त्यांनीं राणी एलिझाबेथशीं हस्तांदोलन केलें. त्यांच्या सेनेनें १९७९ सालीं ज्यांना बोटींत बॉम्ब ठेवून मारिलें, ते हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन राणीचे आप्त होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या हस्तांदोलनाची किंमत दोन्ही बाजूंनीं कळते.

परंतु जमेबरोबर बाकीही दाखविली पाहिजे. त्या दशकांच्या यादवींत सुमारें साडेतीन हजार माणसें मेलीं. त्यांपैकीं जवळजवळ निम्मीं ह्याच सेनेच्या हातून. २०११ सालीं मॅकगिनेस आयर्लंडच्या अध्यक्षपदास उभे राहिले असतां, सेनेच्या हातून मेलेल्या एका दक्षिणी शिपायाच्या मुलानें सर्वांसमक्ष त्यांना गांठलें आणि बापाचे मारेकरी कोण तें सांगा, असें विचारलें. उत्तर मिळालें नाहीं. निवडणुकींत त्यांचा तिसरा क्रमांक लागला. गुप्तपणें मारून पुरलेल्या माणसांचे अवशेष शोधण्यास १९९९ सालीं खास आयोग नेमावा लागला. त्यांतील कांहींचीं हाडेंही अजून घरच्यांस मिळालेलीं नाहींत. डेरीच्या गोळीबाराविषयीं ब्रिटिश सरकारनें दुसरी चौकशी नेमली. बारा वर्षांनीं, २०१० सालीं, तिचा अहवाल आला आणि पंतप्रधान मि. कॅमेरन ह्यांनीं पार्लमेंटांत माफी मागितली. त्याच चौकशीपुढें मॅकगिनेस साक्षीस आले खरे, पण सोबत्यांचीं नांवें सांगण्याचें त्यांनीं नाकारलें. सरकारनें अडतीस वर्षांनीं का होईना, एक हिशेब उघडा केला. दुसऱ्या बाजूच्या वह्या बहुतेक बंदच राहिल्या. सोबत्यांस दिलेलें वचन मोडूं नये, हा गुप्त सेनेचा धर्म असेल. लोकांच्या मंत्र्याचा धर्म त्याहून निराळा आहे. ज्याला सर्वांच्या तिजोरींतून पगार मिळतो, त्याच्यावर मेलेल्या मनुष्याच्या मुलाचाही हक्क पोंचतो.

२०१७ च्या जानेवारींत, उष्णता-अनुदानाच्या योजनेंत झालेल्या प्रचंड उधळपट्टीवरून, आजारी असलेल्या मॅकगिनेस ह्यांनीं राजीनामा दिला आणि जूं मोडलें. मिसेस अर्लीन फॉस्टर ह्यांचें मुख्य मंत्रिपदही त्याबरोबर गेलें. मार्चच्या २१ तारखेस ते वारले. मिसेस फॉस्टर लहान असतांना त्यांच्या वडिलांवर, ते पोलीसदलांत होते म्हणून, ह्याच सेनेनें गोळ्या झाडल्या होत्या. तरी त्या डेरीच्या चर्चमध्यें अंत्यविधीस गेल्या, आणि जमलेल्या कॅथॉलिकांनीं टाळ्या वाजवून त्यांचें स्वागत केलें. राज्ययंत्र २०२० च्या जानेवारीपर्यंत बंद पडलें, नंतर पुन्हा बंद पडलें, पण बंदुका पूर्वींप्रमाणें पुन्हा निघाल्या नाहींत. २०२४ च्या फेब्रुवारींत त्यांच्याच पक्षाच्या मिशेल ओनील मुख्य मंत्री झाल्या. प्रॉटेस्टंट बहुमतासाठीं आंखलेल्या प्रांतांत हें स्थान त्या पक्षास मतांनीं मिळालें.

तर मग मूळ प्रश्नास उत्तर काय? आमचें मत असें कीं, मॅकगिनेस ह्यांस साधुत्वही देऊं नये आणि त्यांच्या परिवर्तनास ढोंगही म्हणूं नये. शस्त्र त्यांनीं टाकलें तें एकाएकीं हृदय द्रवल्यामुळें नव्हे. तें चालेनासें झालें, आणि दुसरें कांहीं चालेल असें दिसलें, म्हणून टाकलें. पण एकदां टाकल्यावर, सोबत्यांच्या शिव्या व जुन्या मित्रांच्या धमक्या सोसून, तें त्यांनीं पुन्हा उचललें नाहीं, आणि इतरांस उचलूं न देण्यासाठीं राबले. मनुष्याची सुधारणा बहुतेक अशीच होते: आधीं हिशेब बदलतो, मग संवय बदलते, आणि मन शेवटीं येतें. राज्यकर्त्यांनीं ह्यापासून घ्यावयाचा बोध हा कीं, मत, घर व न्याय ह्यांचें दार आधीं उघडें ठेविलें असतें तर ज्यांनीं पुढें बंदुका धरल्या त्यांतील पुष्कळ जण पोटापाण्याच्या धंद्यांतच राहिले असते. चळवळ्यांनीं घ्यावयाचा बोध हा कीं, १९९८ सालीं जें मिळालें त्यासाठीं साडेतीन हजार प्रेतें लागत नव्हतीं. ह्यूम तीच गोष्ट पंचवीस वर्षें सांगत होते. आणि आपण नागरिकांनीं घ्यावयाचा बोध हा कीं, शस्त्र ठेवून दारांत आलेल्यास आंत घ्यावें, बसावयास आसनही द्यावें, पण त्याबरोबरच जो कधीं शस्त्र घेऊन आला नाहीं त्याची जागा त्याला देऊं नये, आणि मागील हिशेब विचारण्याचा आपला हक्क सोडूं नये. शांतता ही उधारीवर घेतां येते. सत्याची रक्कम मात्र कधीं तरी रोख भरावीच लागते, आणि आयर्लंडांतील पुष्कळ घरें अजून त्या रकमेची वाट पाहत आहेत.